सुळाचं पाणी आणि शिखरावरची उडी

मराठवाड्यात गोदावरीला लोक गंगाच म्हणतात, आणि त्या गंगेच्या काठचं खेड म्हणून गंगाखेड. परभणी जिल्ह्यातलं हे गाव संत जनाबाईचं. दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी राहिली, नामदेवाच्या घरची दासी म्हणून तिनं जन्म काढला, आणि तिच्या नावानं मराठीत चमत्काराची एक अशी गोष्ट रुजली की जिच्यात काही उडत नाही, कोसळत नाही, पेटत नाही. विठ्ठल येतो, जात्याच्या खुंट्याला हात घालतो आणि तिच्याबरोबर दळू लागतो. एवढंच. याच परिसरातली दुसरी गोष्ट औंढा नागनाथची. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघेपर्यंत औंढा आणि नामदेवाचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी ही दोन्ही गावं परभणीतच होती. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभा राहिला, पुजाऱ्यांनी त्याला मागच्या बाजूला घालवलं, आणि देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी ती कथा. तिसरी पुन्हा जनाबाईची. विठ्ठलाचं पदक हरवलं, आळ दासीवर आला, तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. दगडी देऊळ फिरवायचं म्हणजे शक्ती काही थोडीथोडकी नव्हे. पण या तिन्ही कथा सांगणाऱ्याला त्या शक्तीचं मोजमाप करण्यात रस नाही. ती कुणाच्या बाजूला वळली एवढंच त्याला सांगायचं आहे: दासीच्या, आणि मागे हाकललेल्या शिंप्याच्या.

या गोष्टी इथं काढण्याचं कारण एक अमेरिकन चित्रपट आहे. २०१३ च्या जूनमध्ये ‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनचा चित्रपट आला, तेव्हा वॉर्नर ब्रदर्स कंपनीनं ख्रिस्ती पाळकांसाठी खास खेळ ठेवले आणि रविवारच्या प्रवचनासाठी टाचणंही पुरवली. येशू हाच पहिला सुपरहिरो, असा त्यांचा सूर होता. चित्रपटातही त्याची पेरणी होतीच. नायक पृथ्वीवर येऊन तेहतीस वर्षं झालेली आहेत. तो चर्चमध्ये पाद्र्याचा सल्ला घ्यायला जातो तेव्हा त्याच्या खांद्यामागच्या रंगीत काचेवर बागेत प्रार्थना करणारा ख्रिस्त आहे. अंतराळयानातून खाली झेपावताना तो दोन्ही हात पसरून, वधस्तंभाच्या आकारात, क्षणभर तरंगतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या नजरेनं सुपरहिरोपट पाहायचा म्हणजे असे आकार शोधायचे, ही समजूत त्यानंतर आणखी पक्की झाली. ती मला अपुरी वाटते, आणि खरं तर चुकीची. आकार जुळले म्हणून गोष्ट जुळत नाही. गोष्ट जुळते की नाही हे शक्तीचं काय केलं यावर ठरतं. ही कसोटी काही आज नव्यानं शोधायची नाही. एका धर्माची कथा दुसऱ्या धर्माच्या साच्यातून ऐकण्याची, पाहण्याची मराठी रीत निदान चारशे वर्षं जुनी आहे, आणि त्या रीतीचा इतिहास नीट पाहिला तर ही कसोटी तिथं सापडते.

त्याची सुरुवात थॉमस स्टीफन्सपासून करावी लागते. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला, सासष्टीत राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूर इथं त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेपासून ऐकतो, पण ग्रंथ का लिहिला गेला हे सांगणारा सुरुवातीचा प्रसंग फारसा कुणी आठवत नाही. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला नवं पुराण का देत नाही? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागं बरंच काही आहे. सासष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलं होतं. म्हणजे दुसऱ्याच्या कथेचा साचा घेण्याची ही रीत जन्मतः निष्पाप नव्हती. जे हिरावून घेतलं त्याची भरपाई म्हणून ती आली. हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीच लागते. स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली, आणि ओवी म्हटलं की मराठी कानाला दोन गोष्टी ऐकू येतात, ज्ञानेश्वरांचा ग्रंथ आणि बाईचं जातं. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची घडण वेगळी आहे, हे छंदाचे जाणकार लगेच सांगतील; पण नाव एकच आहे आणि नातंही आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायकांच्याही आहेत. ख्रिस्ताला मराठीत पहिलं मोठं घर मिळालं ते याच नावाच्या छंदात.

दुसरा टप्पा उलट दिशेचा, आणि सिनेमाचा. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच लिहिलं की पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. भारतीय चित्रपटाची जन्मकथा म्हणून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातली विलक्षण बाब नजरेआड होते. आपल्या चित्रपटधंद्याचा उगमच एका धर्माचा सिनेमा दुसऱ्या धर्माच्या डोळ्यांनी पाहण्यात आहे. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मग ‘लंकादहन’ १९१७ मध्ये, ‘श्रीकृष्णजन्म’ १९१८ मध्ये, ‘कालियामर्दन’ १९१९ मध्ये. पडद्यावर राम किंवा कृष्ण आला की प्रेक्षक हात जोडत, लोटांगण घालत. तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या अशी ‘लंकादहन’ची आख्यायिका आहे. पण फाळक्यांनी ख्रिस्तपटातून काय उचललं आणि काय सोडलं, हे पाहण्यासारखं आहे. फाळके जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून. त्यांच्या हाती कॅमेरा आला तो जादूगाराच्या हाती आला. ख्रिस्ताच्या जीवनात त्यांना जे दिसलं ते देव पडद्यावर दाखवता येतो, हे. छळ सोसणारा, मरणारा देव त्यांच्या चित्रपटांत आला नाही. आला तो उड्डाण करणारा हनुमान आणि नागाच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण. याबद्दल त्यांना दोष देण्याचं कारण नाही. नव्या यंत्राला जे जमतं ते माणूस आधी करून पाहतो. पण आपला सुपरहिरोपट शंभर वर्षांपूर्वी गिरगावातच सुरू झाला होता, ‘हनुमान’ आणि ‘कल्की २८९८ एडी’ हे २०२४ चे चित्रपट त्याच वंशातले आहेत, हे ध्यानात ठेवलं की हॉलिवूडच्या लाटेबद्दलची पुष्कळशी चिंता फिकी पडते.

जातं ओढणारा देव पडद्यावर यायला आणखी बराच काळ लागला. त्यासाठी पौराणिक चित्रपटाशेजारी संतपट उभा राहावा लागला. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, विष्णुपंत पागनीसांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. १९४९ मध्ये ‘संत जनाबाई’ आला, नायिका हंसा वाडकर. संतपटातही चमत्कार आहेत आणि तेही कॅमेऱ्याच्या करामतीनंच केलेले आहेत. फरक एवढाच की तिथं चमत्काराच्या आधी आणि नंतर घर दिसतं: रिकामा डबा, चिडलेली बायको, भुकेली मुलं. फिरत्या टॉकीजच्या तंबूत, जत्रेच्या धुळीत, पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटी अक्षरं पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रेक्षकानं हे दोन्ही प्रकार पाहिले आणि दोन्हींना हात जोडले. त्यानं भेद केला नाही, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हनुमानाच्या उड्डाणावर तो टाळ्या वाजवत होता, तुकारामाच्या वेळी रडत होता. प्रेक्षकाची समीक्षा बहुतेक वेळा एवढीच असते, आणि ती पुरेशी असते.

आता मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाजूनं पाहू. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनं त्यांच्या आधीपासून होत होती. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि ते १९३८ मध्ये छापून आलं. ही सगळी मंडळी ख्रिस्ताला मोजत होती ती संतांच्या मापानं, अवताराच्या मापानं नव्हे. मराठवाड्यात याचं कारण जमिनीवरच दिसतं. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तीही निजामाच्या राज्यात. जालना आज वेगळा जिल्हा असला तरी त्यातला परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणीचाच होता, तेव्हा ही शेजारचीच हकीकत. तिथं आलेल्यांत मोठा भाग मांग आणि महार समाजातल्या माणसांचा होता. औंढ्याच्या देवळासमोरून नामदेवाला मागे घालवलं. या माणसांना मागेही जागा नव्हती. त्यांच्यापुढे ख्रिस्ताची ओळख महाबली म्हणून करून देण्यात काय हशील होतं? बळवंत त्यांनी पुष्कळ पाहिले होते. शिष्यांचे पाय धुणारा गुरू ही बातमी त्यांच्यासाठी होती. योहानाच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग आणि जनाबाईचं जातं शेजारीशेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे वरच्यानं खालच्याचं काम हातात घेतलं आहे, आणि दोन्हीकडे पाहणाऱ्याला आधी संकोच वाटतो.

याच उजेडात सुपरहिरोकडे यावं. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहतो आणि सैतान त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. मला नमन कर, जगातली सगळी राज्यं तुझी. सुपरहिरोपटाची सगळी सामग्री या तीन वाक्यांत आहे. नायकाला स्वतःच्या अंगातलं बळ पहिल्यांदा कळतं तो प्रसंग, मग उंच इमारतीच्या कड्यावरून पहिली झेप, मग जगाचा ताबा. पहिली दोन कामं नायकाची, तिसरं खलनायकाचं, एवढाच फरक पटकथेत असतो. येशू तिन्हींना नाही म्हणतो. शिखरावरची ती उडी, जिच्यासाठी आपण थ्रीडीचा चष्मा लावून बसतो, ती शुभवर्तमानात सैतानाची सूचना आहे. पुढे वधस्तंभाखाली उभे असलेले लोकही तीच मागणी करतात, देवाचा पुत्र असशील तर खाली उतरून दाखव. तो उतरत नाही. देवदूतांच्या बारा पलटणी मागवता आल्या असत्या असं अटकेच्या वेळी तो स्वतः सांगतो, आणि मागवत नाही. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये मात्र हात पसरून झालेल्या त्या झेपेनंतर सबंध शहर जमीनदोस्त होतं आणि शेवटी नायक शत्रूची मान मोडतो. चित्रपट म्हणून ते चुकीचं आहे असं नाही. त्या कथेची ती गरज असेल. पण काचेवरच्या ख्रिस्ताचं त्या शेवटाशी काही देणंघेणं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की येशूनंही चमत्कार केलेच. पाच हजारांना जेवू घातलं, पाण्यावर चालला, मेलेल्या लाजराला उठवलं. केले, आणि ते वगळून ख्रिस्ती श्रद्धा उभी राहत नाही. पण योहान त्यांना ‘चिन्हं’ म्हणतो, म्हणजे त्यांच्यापलीकडचं काही दाखवणाऱ्या खुणा. आणि मार्काच्या शुभवर्तमानात तर बरं केलेल्या माणसाला येशू पुन्हा पुन्हा बजावतो की कुणाला सांगू नकोस. हेरोदाला चमत्कार पाहायची हौस होती, त्याच्यासमोर तो अवाक्षर बोलला नाही. सगळ्यात मोठा पुरावा पुनरुत्थानानंतरचा. कोणत्याही पटकथाकाराला विचारा, मरणातून उठलेला नायक तिसऱ्या दिवशी कुठं जाईल? पिलाताच्या वाड्यावर. शुभवर्तमानात तो सरोवराच्या काठी जातो, कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवतो, आणि रात्रभर जाळं टाकून दमलेल्या मित्रांना न्याहारीला बोलावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सुपरहिरोही आता बलिदान करतात. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) मध्ये टोनी स्टार्क जगासाठी जीव देतो आणि जगभरच्या थिएटरांत लोक हुंदके देतात. ते हुंदके खोटे नाहीत. दुसऱ्यासाठी मरणं ही गोष्ट माणसाला हलवते, मग ती कुठल्याही पोशाखात येवो. त्यात ख्रिस्ती प्रेक्षकाला आपल्या श्रद्धेची ओळखीची धून ऐकू आली तर तो चुकला असं म्हणता येणार नाही. मात्र ती धून पुढं कुठं जाते तेही ऐकावं. टोनीच्या मरणाची ताकद शत्रूची अख्खी फौज राख करून टाकण्यात आहे. तिथं बलिदान हे शेवटचं आणि सगळ्यात मोठं शस्त्र आहे. वधस्तंभावर मरणारा, लूकच्या सांगण्याप्रमाणे, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. कुणाचीही राख होत नाही.

तिसरा आक्षेप मीच घेतो, कारण तो या लेखाच्या मुळावर येतो. जनाबाईच्या सुळाचं पाणी झालं. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचं झालं नाही. मग गंगाखेडची कसोटी ख्रिस्ताला लावायची कशी? इथं दोन परंपरा खरोखर वेगळ्या होतात, आणि सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून हा फरक पुसू नये. भक्तिकथेत देव निरपराध दासीला सुळावर जाऊ देत नाही. तिची शिक्षा विरघळते. ख्रिस्ती कथेत देव स्वतः त्या निरपराधाच्या जागी आहे आणि शिक्षा विरघळत नाही. दासीच्या बाजूनं पाहिलं तर पहिली कथा जास्त दिलासा देणारी आहे, आणि वारकऱ्यानं ती सोडावी असं कुणी सांगण्याचा प्रश्नच येत नाही. पण कसोटी सुटकेची नव्हतीच. शक्ती कुणाकडे तोंड करून उभी राहते ही होती, आणि तिथं औंढ्याचं फिरलेलं देऊळ आणि वधस्तंभ एकाच दिशेला पाहतात. सुपरमॅन कुठं पाहतो? १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुण ज्यू मित्रांनी त्याला कॉमिक्समध्ये आणलं, तेव्हा तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आणि भ्रष्ट राजकारण्याला वठणीवर आणत होता. लव्हाळ्याच्या पेटीतून वाहत आलेल्या मोशेशी त्याचं नातं येशूपेक्षा जवळचं आहे, असं अनेकांनी दाखवलंय. म्हणजे गमतीची गोष्ट अशी की मूळचा सुपरमॅन आपल्या संतकथांना, आणि म्हणून ख्रिस्तकथेलाही, २०१३ च्या त्या हात पसरलेल्या सुपरमॅनपेक्षा जवळचा होता.

राहिला नेहमीचा शेरा, की सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात श्रद्धा कशाला आणता. ज्या देशात कृष्णाच्या चित्रासमोर प्रेक्षकांनी लोटांगणं घातली आणि ज्या देशात कंपनीनंच पाळकांना टाचणं पाठवली, त्या दोन्ही देशांत हा शेरा उशिरा आलेला आहे. आणि वाट आधीच मळलेली आहे. १९७८ मध्ये तेलुगूत ‘करुणामयुडू’ हा येशूच्या जीवनावरचा चित्रपट आला, विजयचंदर त्यात येशू झाले. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला आणि वर्षानुवर्षं गावोगावी उघड्या मैदानात पडदा लावून दाखवला गेला. त्याची मांडणी सरळसरळ आपल्या भक्तिपटाची आहे, गाण्यांसकट. फाळक्यांनी ख्रिस्तपटातून जे घेतलं ते भारतीय सिनेमानं असं साठ-पासष्ट वर्षांनी परत केलं, आणि परत करताना फाळक्यांनी सोडलेला तो सोसणारा देवही सोबत दिला. त्याच्या करामती आजच्या मुलाला हसू आणतील इतक्या साध्या आहेत. पण ख्रिस्ती नजरेनं पाहायचा चित्रपट निवडायचा झाला तर ‘मॅन ऑफ स्टील’च्या आधी मी ‘दयासागर’ला रांगेत उभा करीन. सुपरहिरोपट तरीही पाहावेत, मुलांना घेऊन पाहावेत. फक्त झेप घेऊन झाल्यावर नायक शेवटी कुणाच्या दारात उतरतो आणि तिथं कोणतं काम हातात घेतो, तेवढं मुलांना विचारावं.